तीस गुंठे भात, चार खाचरे : खते आणि बियाण्यांचा हिशेब कसा मांडावा?

मुळाकाठ · ४ मे

नमस्कार. मी कोथरूडला राहतो आणि पौडच्या पश्चिमेला आमची वडिलोपार्जित तीस गुंठे भातजमीन आहे. वडील थकल्यापासून गेली तीन वर्षे ती मी आणि माझा चुलतभाऊ मिळून करतो. जमीन सलग नाही. उतारावर एकाखाली एक अशी चार खाचरे आहेत : सर्वांत वर माळाचे ६ गुंठे, त्याखाली आंब्याचे ८, मग मधले ११ आणि अगदी तळाला ओढ्याचे ५ गुंठे. वाण इंद्रायणी.

गेल्या खरिपात आम्ही युरियाची दोन आणि डीएपीचे (डायअमोनियम फॉस्फेट खताचे) एक पोते टाकले. पोटॅश टाकले नाही, कारण ते महाग वाटले. पीक ऑगस्टमध्ये इतके हिरवेगार दिसत होते की येणारा-जाणारा थांबून पाहत असे. गणपतीनंतरच्या रिमझिमीत त्यावर करपा आला आणि लोंब्या भरताना मधले व ओढ्याचे खाचर पूर्ण लोळले. शेवटी हाती आठ क्विंटल भात आला. वडील कमी खतावर याहून जास्त काढत असत, हे मनाला फार लागले.

त्यातच खत घेताना दुकानदाराने युरियाबरोबर एक द्रवरूप खत आणि एक 'वाढवर्धक' बाटली घेतल्याशिवाय पोते देणार नाही असे सांगितले. त्या दोन बाटल्यांवर युरियाच्या पोत्यांपेक्षा जास्त पैसे गेले आणि त्यांचा काय उपयोग झाला हे मला आजही सांगता येणार नाही. यंदा दुकानात जाण्याआधी हिशेब पक्का करायचा आहे. बियाणे, खत, औषध आणि मजुरी यांपैकी कशावर, किती आणि केव्हा खर्च करावा, याचे नियोजन जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

---

बांधावरून · ४ मे

मी कृषी खात्यात मावळ आणि मुळशीत बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपण खाचरनिहाय गुंठे दिलेत हे फार बरे झाले. बहुतेक जण एकरात विचारतात, खताची शिफारस हेक्टरात असते आणि दुकानातली खरेदी पोत्यांत होते. या तीन मापांच्या गोंधळातच आपल्याकडचे निम्मे खत वाया जाते.

सुधारित भातवाणांसाठी शिफारस साधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर धरला, तर गुंठ्याला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि अर्धा किलो पालाश. एवढे एक वाक्य पाठ ठेवले की कोणत्याही खाचराचा हिशेब बांधावर उभ्या उभ्या करता येतो.

आता आपले गेल्या वर्षीचे खत मोजू. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि पोते ४५ किलोचे असते, म्हणजे दोन पोत्यांतून ४१ किलो नत्र गेले. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, म्हणजे ५० किलोच्या पोत्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. तीस गुंठ्यांना ३० किलो नत्र पुरेसे असताना आपण ५० किलो दिले, १५ किलो स्फुरदाच्या जागी २३ किलो दिले आणि जिथे १५ किलो पालाश हवे होते तिथे काहीच दिले नाही. नत्र वाढले आणि पालाश नाही, अशा पिकाची पाने लुसलुशीत व रुंद होतात आणि काडी मऊ राहते. करप्याला तसेच पीक हवे असते आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनाही. आपले पीक ज्या हिरवेपणामुळे लोकांना थांबवत होते, त्याच हिरवेपणाने ते लोळवले.

युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि पोटॅशचे त्याच्या कित्येक पट किमतीला, त्यामुळे शेतकऱ्याचा हात युरियाकडेच जातो. हे मला समजते. तरी आपल्याला पालाश हवे ते १५ किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश २५ किलो, अर्धेच पोते. शेजाऱ्याबरोबर पोते वाटून घ्यावे.

एकावर एक माल गळ्यात मारण्याला 'लिंकिंग' म्हणतात आणि ते नियमात बसत नाही. पक्के बिल मागावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्यावी. तोंडी तक्रारीचा पुढे माग राहत नाही.

---

पवनेकाठ · ५ मे

काकांचे गणित बरोबर आहे, पण माझ्या अनुभवात एक मुद्दा गणिताच्याही आधी येतो. तुमची खाचरे एकाखाली एक आहेत. जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात वरच्या खाचराचे पाणी मोरीतून खालच्यात उतरते, तिथून आणखी खाली आणि शेवटी ओढ्यात. माळाच्या खाचरात फेकलेला युरिया दुसऱ्या दिवशी कुठे असतो, याचा विचार करा. तुमचे खालचे दोन तुकडेच लोळले आणि वरचे लोळले नाहीत, याचे उत्तर मला यातच दिसते. खालच्यांनी स्वतःचेही खत खाल्ले आणि वरच्यांचेही.

आमच्याकडे पवनेच्या खोऱ्यात मी एक नियम पाळतो. खत टाकायच्या आदल्या दिवशी खाचरातले पाणी उतरवतो, मोऱ्या चिखलाने बुजवतो, निथळलेल्या चिखलावर खत देतो आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी घेतो. पावसाचा अंदाज जोराचा असेल तर खत घरातच ठेवतो, मग शिफारशीचा दिवस चार दिवसांनी पुढे गेला तरी चालेल. या एका सवयीमुळे माझे एक पोते वाचले.

---

मृद्गंध · ५ मे

मी मृदाशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि सध्या शिवाजीनगरला राहते. पवनेकाठ यांनी अनुभवाने जे सांगितले त्यामागचे कारण मांडते, कारण ते समजले की पुढचे अनेक निर्णय आपोआप सुटतात.

पाणी साचलेल्या खाचरात मातीचे दोन थर असतात. अगदी वरच्या काही मिलिमीटरच्या थराला पाण्यातून प्राणवायू मिळतो आणि त्याखालच्या चिखलात तो जवळजवळ नसतो. पाण्यावर फेकलेला युरिया दोन-तीन दिवसांत अमोनियम रूपात बदलतो. त्यातला काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो, विशेषतः दुपारी, कारण उन्हात पाण्यातले शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरते आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढतो. वरच्या थरात उरलेल्या अमोनियमचे नायट्रेट होते, ते पाण्याबरोबर खालच्या प्राणवायूहीन थरात झिरपते आणि तिथले जिवाणू त्याचे नत्रवायूत रूपांतर करतात. म्हणून पाण्यावर फेकलेल्या युरियातील साधारण ३० ते ४० टक्केच नत्र पिकाच्या उपयोगी पडते, असे भातशेतीत धरले जाते. याच कारणाने साचलेल्या पाण्यात नायट्रेटयुक्त खते वापरू नयेत.

अमोनियम मात्र चिकणमातीच्या कणांना धरून राहते. नत्र सुरुवातीलाच सात ते दहा सेंटिमीटर खोल, प्राणवायू नसलेल्या थरात ठेवले, तर ते अमोनियम रूपातच राहते आणि मुळे ते हळूहळू उचलतात. लावणीच्या वेळी चिखलात खोचतात त्या युरिया-डीएपीच्या गोळ्यांमागचे तत्त्व एवढेच आहे.

स्फुरदाबद्दलही थोडे सांगते. आपल्या पश्चिम पट्ट्यात पावसाने धुपलेल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत स्फुरद लोहाला बांधले जाते, परंतु पाणी साचल्यावर त्यातले काही सुटते आणि भाताला मिळते. त्यामुळे स्फुरद सगळेच्या सगळे चिखलणीच्या वेळी द्यावे आणि माती परीक्षणात ते भरपूर आढळले तर त्यावर खर्च करू नये. मे महिना नमुना घेण्यासाठी उत्तम आहे. बांध, झाड आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल घ्यावा, खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी, अशा आठ-दहा जागांची माती एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो उरवावी. तुमच्यासाठी दोन नमुने पुरेत : वरच्या दोन खाचरांचा एक आणि खालच्या दोनांचा एक. जस्ताची तपासणी आवर्जून सांगावी. सतत पाणथळ राहणाऱ्या ओढ्याच्या तुकड्यात लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर तांबूस तपकिरी ठिपके येऊन वाढ खुंटत असेल, तर तो खैरा रोग, म्हणजे जस्ताची कमतरता असू शकते. तसे निघाले तर गुंठ्याला २५० ग्रॅम झिंक सल्फेट पुरते, पण ते स्फुरदाच्या खतात मिसळू नये, कारण दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात.

---

वेळवंडी · ६ मे

मी भोर तालुक्यातली आहे. आमच्या बचत गटातल्या अकरा जणी चारसूत्री पद्धतीने भात लावतात. ही पद्धत डॉ. नारायण सावंत यांनी मांडली. तिची चार सूत्रे अशी : भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीला परत करणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात घालणे, दोरीवर नियंत्रित लावणी करणे आणि लावणीबरोबर ब्रिकेट, म्हणजे युरिया-डीएपीची गोळी, खोचणे.

लावणी जोडओळीची असते. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा एकाआड एक असतात, त्यामुळे चार चुडांचा (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपे) एक चौकोन तयार होतो आणि दोन चौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरची वाट राहते. चौकोनाच्या मध्यभागी एक गोळी खोचायची. गोळी २.७ ग्रॅमची असते आणि गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात, म्हणजे साधारण पावणेदोन किलो. तुमच्या तीस गुंठ्यांना सगळे मिळून ५० किलो.

आमची पहिल्या वर्षाची चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. लावणी सावडीने, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबून, झाली, सगळ्या जणी दमल्या होत्या, म्हणून गोळ्या पाच दिवसांनी खोचू असे ठरवले. तोवर चिखल बसून घट्ट झाला होता आणि बोट आत जाईना. अर्ध्या गोळ्या वरच राहिल्या आणि पाण्यात विरघळून गेल्या. दुसऱ्या वर्षापासून गोळ्या लावणीच्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लावणाऱ्यांच्या मागोमाग खोचतो. नंतर बेणणीला (तण काढायला) उतरताना २५ सेंटिमीटरच्या वाटेनेच चालायचे, चौकोनात पाय टाकायचा नाही.

बियाण्याचा खर्च तर सहज निम्मा होतो. इंद्रायणी हा सरळ वाण आहे, घरचे निवडलेले बी चालते. संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. मग बुरशीनाशक आणि पेरणीपूर्वी अ‍ॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५ ग्रॅम किलोला. जिथे पूर्वी २५ किलो बी फेकत होतो, तिथे आता १२ किलोत भागते, कारण चुडात दोन-तीनच रोपे लावायची असतात आणि ती सगळी जोमदार असतात.

---

पवनेकाठ · ६ मे

ताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण मी गोळ्या सर्व खाचरांत वापरण्याच्या विरोधात आहे. माझ्या वरच्या मुरमाड तुकड्यात दोन वर्षे वापरून पाहिल्या. पाऊस चार दिवस थांबला की तिथले पाणी जमिनीत उतरते आणि ऑगस्टच्या मध्यालाच पीक पिवळे पडते. खालच्या चिकण खाचरात मात्र त्याच गोळ्यांवर पीक कापणीपर्यंत टिकले.

---

मृद्गंध · ६ मे

हे निरीक्षण अगदी योग्य आहे. ज्या जमिनीत पाणी वेगाने झिरपते आणि चिकणमाती कमी असते, तिथे एकाच ठिकाणी साठलेले नत्र मुळांनी उचलण्याआधीच खाली वाहून जाऊ शकते. अशा खाचरात नत्राचे हप्ते लहान आणि अधिक करावेत.

---

बांधावरून · ७ मे

म्हणूनच नियोजनाचे एकक खाचर धरावे, सातबारा नव्हे. मी नोकरीत असताना आम्हीही गावभर एकच तक्ता वाटत असू. आज मला वाटते की तो तक्ता सुरुवात म्हणून ठीक होता, आणि शेतकऱ्याने त्यात आपल्या खाचराप्रमाणे बदल करावा हे आम्ही तेव्हाच ठासून सांगायला हवे होते.

वरच्या १४ गुंठ्यांसाठी १४ किलो नत्र, म्हणजे ३० किलो युरिया. त्यातला ६ किलो लावणीच्या वेळी आणि पुढे आठ-आठ किलोचे तीन हप्ते द्यावेत : वीस दिवसांनी, चाळीस दिवसांनी आणि शेवटचा लोंबी पोटात धरताना, साधारण ऑगस्टच्या अखेरीस. स्फुरदासाठी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट सुचवतो. त्यात १६ टक्के स्फुरद असते आणि शिवाय गंधक मिळते. सात किलो स्फुरदासाठी ४४ किलो लागेल, म्हणजे एक पोते.

शेवटचा हप्ता डोळे झाकून देऊ नये. पर्णरंग तक्ता, म्हणजे पानाच्या हिरव्या छटा दाखवणारी पट्टी, मिळवावा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, आपल्या सावलीत धरून, दहा वेगवेगळ्या चुडांचे वरचे पूर्ण उमललेले पान त्या पट्टीशी ताडून पाहावे. निम्म्याहून अधिक पाने ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील तरच युरिया द्यावा. आणि सलग झिमझिम, धुके असून पानांवर करप्याचे डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसत असतील, तर पान फिके असले तरी थांबावे.

औषधांबद्दल : खेकड्यांसाठी आणि खोडकिडीसाठी फोरेट हे कीटकनाशक टाकण्याची जुनी सवय आपल्या भागात अजून दिसते. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नये. खोडकिडीसाठी लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत, कारण पतंगाची अंडी पानांच्या टोकाकडे असतात. मर झालेले पोंगे, म्हणजे वाळलेले मधले कोंब, पाच टक्क्यांवर गेले तरच फवारणीचा विचार करावा. प्रतिबंध म्हणून केलेल्या फवारण्यांनी कोळी आणि चतुर मरतात आणि मग तुडतुडे मोकळे सुटतात.

---

वेळवंडी · ७ मे

पालाशाबद्दल एक सांगायचे राहिले. भाताने जमिनीतून उचललेले बहुतेक पालाश दाण्यात न जाता पेंढ्यात राहते. तुम्ही पेंढा विकता की गुरांना घालता? गुरांना घालत असाल आणि शेण त्याच खाचरात परत येत असेल तर थोडे तरी पालाश जमिनीला परत मिळते. पेंढा विकत असाल तर दरवर्षी जमिनीतले पालाशच विकता आहात.

---

मुळाकाठ · ९ मे

सर्वांचे मनापासून आभार. पेंढा आम्ही शेजारच्या गोठ्याला विकतो, ताई. यंदा निम्मा विकून त्या बदल्यात शेणखत घेण्याचे चुलतभावाने मान्य केले आहे.

काल दोन्ही मातीचे नमुने घेतले. माळाच्या खाचरात फावडे अर्ध्या वितीवर मुरमाला लागले आणि ओढ्याच्या खाचरात मे महिन्यातही खाली ओल होती. एकच जमीन समजून आम्ही तीन वर्षे दोन्हीकडे सारखी मूठ फेकत होतो.

अहवाल येईपर्यंतचा आमचा आराखडा असा आहे. खालच्या १६ गुंठ्यांत दोरीवर लावणी आणि गोळ्या : १०,००० गोळ्या, २७ किलो. वरच्या १४ गुंठ्यांत एक पोते सुपर फॉस्फेट आणि युरियाचे चार हप्ते. चारही खाचरांना मिळून २५ किलो पोटॅश. गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो लागतो असे वाचले, आमच्या बांधावरून यंदा जेमतेम १८० किलो निघेल, म्हणून तो फक्त माळाच्या ६ गुंठ्यांना आणि जूनमध्ये उरलेल्या बांधांवर नवी खुंटे. बियाणे घरचे, मिठाच्या पाण्यातून काढलेले १० किलो. या हिशेबाने एकूण नत्र २३ ते २४ किलोवर येते, गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. इतके कमी करणे धोक्याचे नाही ना, एवढी एकच शंका उरते.

---

बांधावरून · ९ मे

खालच्या खाचरांना गोळ्यांतून गुंठ्याला सुमारे ६०० ग्रॅम नत्र जाते. ते आकड्याने कमी दिसते, पण ते पाण्याबरोबर जात नाही आणि ती खाचरे लोळण्याची सवय असलेली आहेत. शंका असेल तर मधल्या खाचरातल्या ११ पैकी २ गुंठ्यांत जुन्या पद्धतीने, तीन हप्त्यांत युरिया द्या, मध्ये छोटा बांध घाला आणि दोन्हींची मळणी वेगळी मोजा. युरियाच्या एका पोत्यातले १५ किलो तुमच्याकडे उरतातच, त्यात हे भागेल. मोऱ्या मात्र दोन्हीकडच्या वेगळ्या ठेवा.

---

वेळवंडी · १० मे

दोरी नायलॉनचीच घ्या. आम्ही पहिल्यांदा काथ्याची घेतली होती, ती भिजून आखडली आणि खुणा सरकल्या. खुणांना लाल आणि पांढरी अशा दोन रंगांची चिंधी बांधा, म्हणजे वाकून काम करताना १५ कुठले आणि २५ कुठले हे पटकन कळते. १५ जूनच्या सुमारास आमच्या गटाची दोरी मोकळी आहे. भोरला येणे जमत असेल तर नमुना म्हणून घेऊन जा आणि रोपे एकवीस-पंचवीस दिवसांची होण्याआधी परत करा, कारण आमचीही लावणी त्याच आठवड्यात असते.